खरवई ते कॅम्प, अनवाणी

माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत झालं. तरी हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. शाळेचे मास्तर लिहून देतो म्हणत होते, पण मास्तर मध्ये मध्ये आपलं शहाणपण घालतात. प्रवास मी केला, काटा माझ्या पायात गेला, तेव्हा लिहिणारही मीच.

लोक काशी करून येतात, रामेश्वर करून येतात आणि वर्षभर सांगत बसतात. मी खरवईहून निघालो आणि अंबरनाथवरून कल्याण कॅम्पात गेलो, ज्याला आता उल्हासनगर म्हणतात. सगळं मिळून साडेतीन कोस. त्याला मला पाच दिवस लागले. दिल्लीत तेव्हा आशिया खंडातल्या देशांचे खेळ भरले होते आणि त्यातला फुटबॉल मी ऐकून आलो. जे आले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो. येऊ शकत होते तरी आले नाहीत, त्यांनीही वाचावं.

शिवरात्रीची सकाळ

आधी अर्जाचं सांगतो, कारण तो सगळ्या प्रवासभर माझ्या बंडीच्या खिशात होता.

खरवईत फुटबॉलचा संघ आहे. तो मी उभा केला. भातकापणी झाली की आमची पोरं धसकटांच्या शेतात अनवाणी खेळतात. अंबरनाथला एका कारखान्याचं मैदान आहे, नळाने पाणी मारून राखलेलं, उन्हाळ्यातही हिरवं. तिथे दर वर्षी आसपासच्या संघांच्या स्पर्धा होतात. आम्ही तीन वर्षं अर्ज केला, तीन वर्षं परत आला. यंदा तर वर लाल शाईने कारण लिहून आला की बूट नसलेल्या संघाला मैदानावर प्रवेश नाही. एवढं वाचता येतं मला.

बुटांसाठी वर्गणी काढायला गाव तयार होतं. मीच नको म्हटलं. साठ वर्षांत मी पायात काही घातलेलं नाही. लग्नात सासऱ्यांनी जोडा दिला, तो तसाच ठेवला, आणि पुढे माझा मेव्हणा पांडबा मोठा झाल्यावर त्याने वापरून फाडला. पांडबा आमचा गोलकीपर. पंचेचाळिशीचा आहे, पोट सुटलंय, पण गोलाच्या तोंडात उभा राहिला की चेंडूला जायला जागा उरत नाही. तोच मला म्हणाला होता की यंदाही खेळायला मिळालं नाही तर पोरं संघ मोडणार. दोघं तर कारखान्याच्या संघात जागा मिळते का ते विचारून आले होते. पोरांना बोल लावता येत नाही. तीन वर्षं धसकटात पाय सोलून घ्यायचे आणि कोणी खेळायला बोलवायचंच नाही, याला धीर लागतो.

शिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेला मी आणि पांडबा निघालो. बदलापूर स्टेशनजवळच्या हॉटेलात चहाला थांबलो तर हॉटेलवाला मोठ्याने पेपर वाचत होता. आदल्या दिवशी दिल्लीत आपल्या फुटबॉल संघाने इंडोनेशियाला तीन गोलांनी हरवलं होतं आणि आपली माणसं पायाला पट्ट्या बांधून बिनबुटाची खेळली होती. मी त्याला ते परत वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी तो पेपरच मागून घेतला आणि अर्जाला चिकटून बंडीत ठेवला.

पुढची वाट मी अशी चाललो की पांडबाला धापा लागल्या. पळस पेटल्यासारखा फुलला होता. मलंगगड निळा दिसत होता. जत्रेच्या बैलगाड्या धूळ उडवत पुढे जात होत्या आणि गाडीतल्या बाया पांडबाला बघून हसत होत्या. तो चपला हातात घेऊन पळत होता, कारण पळताना त्या निसटत होत्या.

देवळाची रांग

अंबरनाथचं देऊळ आमच्याकडच्यांना सांगायला नको. काळा दगड, आणि महादेव वर नाही, पायऱ्या उतरून खाली. रांग वालधुनी नदीच्या काठापर्यंत गेली होती. दोन तास उन्हात उभे राहून आम्ही मंडपात शिरलो, तर पुढे कर्णिकसाहेब.

कर्णिकसाहेब म्हणजे कारखान्यातले अधिकारी, मैदान त्यांच्या ताब्यात. लाल शाई त्यांची. माणूस वाईट नाही. तीन वर्षांत प्रत्येक वेळी त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती, चहा दिला होता आणि अर्ज परत दिला होता. आता त्यांचे बूट बाहेर देवळाच्या दाराशी, आणि साहेब पांढऱ्या मऊ पायांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, कारण बाहेरचा दगड तापलेला होता आणि तळवे अजून पोळत होते.

मी म्हटलं, "साहेब, आज तुम्ही आमच्यातले दिसता."

ते हसले. "तात्या, इथे नियम देवाचा. मैदानावर नियम कंपनीचा. आमची पोरं बुटाने खेळतात. तुमच्या एखाद्याचा पाय मोडला तर मी काय तोंड दाखवू?"

मी पेपर काढला. त्यांनी सकाळीच वाचला होता. म्हणाले की एक सामना जिंकला म्हणून काही होत नाही, पुढे इराण आहे, पहिलवान माणसं ती, जाड बुटांची.

"आणि सोनं आणलं तर?"

मागचे लोक सरका सरका म्हणून ओरडत होते. साहेबांच्या हातात बेल होता, माझ्याही हातात. ते म्हणाले, "सोनं आणलं तर तुमच्या अर्जावर मी स्वतः सही करतो."

"आणि नाही आणलं तर मी बूट घालून स्टेशनपासून तुमच्या मैदानापर्यंत येईन. भर बाजारातून. आणि खरवईचा अर्ज पुन्हा तुमच्या टेबलावर दिसणार नाही."

पांडबाने मला मागून चिमटा काढला. "भावोजी, तुमच्या मापाचा बूट मिळायचा नाय कुठं. फणस हाय तो पाय."

साहेबांनी आणि मी एकाच वेळी पिंडीवर बेल वाहिला. बाहेर आल्यावर मी साहेबांना दोनदा ऐकवलं की हा शब्द बेल वाहताना दिलेला आहे. ते बुटाच्या नाड्या बांधत होते. म्हणाले, "शनिवारी शेवटचा सामना आहे, आमच्या क्लबात रेडिओ लागतो, या ऐकायला."

मी तिथेच पांडबाला सांगितलं की निकाल कानांनी ऐकल्याशिवाय मी खरवईला परत जात नाही. माझा पेपरवर भरवसा आहे, पण हॉटेलवाला वाचताना आपल्या पदरचं घालतो. पांडबा म्हणाला की बायको वालाची मळणी काढून बसलीय. मी म्हटलं, तू जा. तो गेला नाही. त्याचा एक चुलतभाऊ अंबरनाथ गावठाणात राहतो, त्याच्या पडवीत आम्ही मुक्काम टाकला. उपासाची रताळी खाल्ली, दुसऱ्या दिवसापासून वालाचं बिरडं. अंबरनाथची माणसं बिरड्यात गूळ जास्त घालतात. मी तसं बोललो, तर घरच्या बाईने दुसऱ्या दिवशी आणखी घातला.

आठवडा सरता सरता पेपरात आलं की अफगाणिस्तानलाही तीन गोलांनी लोळवलं. पडवीत दोन-चार माणसं जमली होती. त्यांनी माझ्या पायांकडे असं बघितलं की जणू ते तिन्ही गोल मीच मारून आलोय.

क्लबाचं दार

शनिवारी मी धोतर धुऊन घेतलं, पागोटं नीट बांधलं. क्लब म्हणजे कौलारू बंगला, पुढे मेहंदीचं कुंपण, आत लाल जाजम. रेडिओची खरखर बाहेरपर्यंत येत होती. दारावरच्या शिपायाने आधी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि मग खाली. पायात बूट असल्याशिवाय जाजमावर जाता येत नाही म्हणाला. पांडबाच्या चपलाही चालत नव्हत्या.

साहेब बाहेर आले. खरंच ओशाळले होते. हा नियम त्यांचा नव्हता, क्लबाचा होता. त्यांनी आतून कॅनव्हासचे पांढरे बूट आणले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. "तात्या, तासाभराचा प्रश्न आहे. पाय घाला आणि आत या. कोणाला कळणार नाही."

पांडबा म्हणाला, "घाला की भावोजी. पाय काय झिजणार हायत का?"

मी बुटांकडे बघत उभा राहिलो. ते घातले असते तर आत दिल्ली ऐकायला मिळाली असती. पण सामना सुरू व्हायच्या आधीच मी तो हरलो असतो. मी नको म्हटलं. मग साहेब म्हणाले की बाजूची खिडकी उघडी ठेवतो, तुम्ही बाहेर उभे राहून ऐका.

हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. पण मला आत कुठेतरी लागलं. युद्धाच्या वेळी मी कल्याणच्या लष्करी कॅम्पात पेंढा घालायला जात असे. संध्याकाळी गोरे सोल्जर फुटबॉल खेळत आणि मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून बघत असे. हा खेळ मी तिथेच शिकलो, डोळ्यांनी. एकदा चेंडू तारेबाहेर आला, मी पायाने आत मारला, तर पहारेकऱ्याने मला बंदुकीच्या दस्त्याने हटवलं. कॅम्प सुटला तेव्हा एका सोल्जरने फाटका चेंडू फेकून दिला. तो मी घरी आणला आणि आमचा संघ त्या चेंडूवर झाला.

मी साहेबांना म्हटलं, "तारेबाहेर उभं राहून एकदा बघून झालंय. आता नाही."

आणि निघालो. कुठे, ते मला ठाऊक नव्हतं. शिपाई मागून धावत आला. हळूच म्हणाला की कॅम्पात एक सिंधी सायकलवाला आहे, लछूमल नाव, त्याच्याकडे मोठा रेडिओ आहे, तो कोणाला अडवत नाही.

वालधुनीच्या काठाने

सामना आता सुरू होईल या हिशेबाने आम्ही वालधुनीचा काठ धरला आणि पळत सुटलो. पाणी कमी होतं, बाया धुणी धूत होत्या. इथे माझी फजिती झाली ती लपवत नाही. काठावर बाभळी आहेत. अर्ध्या वाटेवर टाचेत काटा गेला, आणि आत मोडला. ज्या पायांच्या जिवावर मी महादेवापुढे बोललो होतो, त्यांनी असा दगा द्यावा. मी चवड्यावर पळत राहिलो. पांडबाने ओळखलं.

"भावोजी, नाचत का चाललाव?"

मी म्हटलं, घाई आहे म्हणून. तो म्हणाला की दिल्लीच्या पोरांनी निदान पट्ट्या बांधल्यात.

कॅम्प

कॅम्पात मी युद्धानंतर पाय ठेवला नव्हता. बराकी त्याच, पण आता प्रत्येक बराकीत पडदे लावून पाच-सात घरं. जिथे सोल्जरांचे पलंग होते तिथे बाया खाटांवर पापड वाळत घालत होत्या. फाळणीनंतर इथे आलेल्या या सिंधी लोकांबद्दल आमच्या गावात बरंच बोलतात, मीही बोललो आहे. म्हणूनच तर मी बाजारही बदलापूरलाच केला, इकडे फिरकलो नाही. तारेचं कुंपण शोधलं. ते नव्हतं. त्या जागी एक माणूस कुलूप-किल्ल्या विकत बसला होता.

लछूमलचं दुकान सापडायला विचारावं लागलं नाही. एका बराकीपुढे शे-दीडशे माणसं उकिडवी बसली होती आणि पुढे चपला-जोड्यांचा ढीग पडला होता. आत रेडिओ एका टेबलावर, वर कसलासा हार. सगळे अनवाणी. मी दाराशीच थांबलो, पुन्हा काही नियम असेल म्हणून. लछूमल म्हणजे पन्नाशीचा, दाढी वाढलेला, हातांना सायकलचं ग्रीस. त्याने माझे पाय बघितले आणि म्हणाला, "आओ साईं, आप तो तैयार होके आये हो."

आम्हाला पुढे जागा दिली. पाण्याचा तांब्या आला आणि त्यासोबत भाजलेला पापड. आमच्याकडे पाण्यासोबत गूळ देतात. पापड खाल्ला की आणखी पाणी लागतं, हे मला उलटं वाटलं, पण पळून आल्यावर खारट बरं लागलं. मी दोन खाल्ले. पांडबाने मोजले नाहीत.

रेडिओवरचा माणूस भरभर इंग्रजी बोलत होता. लछूमल ऐकायचा आणि मग ओरडून हिंदीत सांगायचा. पण त्याच्या आधी मला कळायचं, आणि कसं ते सांगतो. बोलणाऱ्याच्या मागे दिल्लीतली माणसं होती. हजारो माणसांचा आवाज. पावसाळ्यात बदलापूरच्या पुलाखालून उल्हास नदी जाते तसा तो सतत घुमत होता. चेंडू आपल्याकडे आला की पाणी चढायचं. इराणकडे गेला की उतरायचं. चुकला की एकदम हाऽऽ असं सुटायचं, मळणीत वारा थांबल्यावर माणसं म्हणतात तसं. थोड्या वेळात मी लछूमलच्या आधी सांगायला लागलो, आता आपला आहे, आता गेला, आता कोपऱ्यात. माणसं माझ्याकडे बघायला लागली. लछूमलने विचारलं की अंग्रेजी आती है क्या. मी म्हटलं, नाही, गर्दी येते.

तेवढ्यात त्याच्या बायकोचं लक्ष माझ्या टाचेकडे गेलं. रक्त वाहून वाळलं होतं. ती सुई घेऊन आली आणि काही न विचारता पाय मांडीवर ओढून बसली. परक्या बाईने पाय धरावा हे मला कसंसंच झालं, मी ओढायला गेलो, तर तिने पोराला दटावावं तसं सिंधीत काही म्हटलं. मी पाय तिच्या हाती सोडला. एक कान तिकडे, एक टाच इकडे.

आवाज चढू लागला. चढत चढत असा गेला की बोलणारा त्यात बुडाला. आणि सुई काट्याखाली गेली.

मी ओरडलो. तेवढ्यात सगळी दिल्ली ओरडली आणि तिच्यामागून सगळा कॅम्प. लछूमल टेबलावर उभा राहून "गोल, गोल, हिंदुस्तान" म्हणत होता. बाईने काटा चिमटीत धरून मला दाखवला. मी आधी काट्यासाठी ओरडलो की गोलासाठी, हे पांडबा आजही चारचौघांत विचारतो. मी सांगत नाही.

अर्धा खेळ व्हायच्या आत हा गोल झाला. मग उरलेला वेळ जो गेला तसा कोणाचा जाऊ नये. एका गोलाची आघाडी म्हणजे दारात उभा पाहुणा, कधीही परत फिरेल. इराणचे लोक जोर करत होते. पाणी सारखं उतरत होतं. मी बंडीवरून हात ठेवून अर्ज चाचपत होतो आणि मनात स्टेशनचा बाजार दिसत होता, त्यातून बूट घालून जाणारा मी, आणि मागे आमची अकरा पोरं, कोणी हसत नाही अशी. तेच जास्त वाईट होतं.

लछूमल माझ्या शेजारी येऊन बसला होता. कराचीतल्या मकरानी पोरांचं सांगत होता, तीही अनवाणी खेळतात, आणि कशी. मग हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. म्हणाला, "साईं, तीन साल से हम लोग बोलते हैं, तुम्हारा देश, तुम्हारा स्टेशन, तुम्हारा सरकार. आज सुबह मेरी घरवाली पूछती है, अपना मॅच कितने बजे है."

शेवटची काही मिनिटं उरली असं तो सांगतो न सांगतो, तोच रेडिओ बंद पडला. नुसती खरखर. शे-दीडशे माणसं पुढे सरकली. लछूमलने वायर हलवली, मागून थापट्या मारल्या, शिव्या दिल्या, मग हात जोडले. मी उभा राहिलो. माझ्या आयुष्यातला तेवढा लांब वेळ मला आठवत नाही, बायकोच्या बाळंतपणातसुद्धा नाही. मग आत कुठेतरी तार जुळली आणि आधी शब्द नाही, आवाज आला. पूर. काठ सोडून आलेलं पाणी.

मी म्हटलं, "जिंकलो."

लछूमल म्हणाला की रुको, सुनने दो. मी म्हटलं, ऐकायचं काय त्यात, एवढी माणसं हरल्यावर असं ओरडत नाहीत. मग बोलणारा बोलला, आणि लछूमलला हिंदीत सांगावं लागलं नाही.

पुढचं सांगायला दुसरी शिकलेल्या माणसाकडे शब्द कमी आहेत. बराकी रिकाम्या झाल्या. कोणी पत्र्याचे डबे वाजवले, कोणी सायकलच्या घंट्या. लछूमलने भाड्याच्या सगळ्या सायकली बाहेर काढून घंट्या वाजवायला लोकांना दिल्या. एका हलवायाने शेवेच्या मिठाईचं ताट माझ्यापुढे धरलं. जिथून मला बंदुकीच्या दस्त्याने हटवलं होतं त्याच जागेवर अनोळखी माणसांनी मला उचललं. मी उतरवा म्हणून सांगितलं नाही.

या गडबडीत चपलांचा ढीग लाथांनी उधळला गेला आणि पांडबाच्या चपला काही मिळाल्या नाहीत. मिळाली ती एक लहान मुलाची आणि एक बाईची. पांडबा दोन्हीकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, चल, दिवस मावळायच्या आत मैदान गाठायचंय.

मैदान

वालधुनीचा काठ परत धरला. या वेळी चवड्यावर पांडबा चालत होता. मी विचारलं, नाचतोस का. 

कर्णिकसाहेब मैदानाच्या कडेला उभे होते, माळी नळाने पाणी मारत होता. आम्हाला बघून ते पुढे आले. म्हणाले की मी वाटच बघत होतो. मग जरा घुटमळले. आपल्या संघातल्या एक-दोघांच्या पायात बूट होते असं कोणी म्हणत होतं, असं म्हणाले. असतील. मी दिल्लीला गेलो नव्हतो.

मी म्हटलं, "साहेब, बेल वाहताना तुमच्या पायात काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातून पेन काढलं. मी अर्ज दिला, घामाने मऊ झालेला, पेपर चिकटलेला. त्यांनी लाल शाईवर रेघ मारली आणि खाली सही केली. हात पुढे केला. मी साठ वर्षांत साहेबाशी हात मिळवला नव्हता. तोही मिळवला.

मग मी विचारलं, "जरा आत जाऊ?"

ते जा म्हणाले. मी पांढरी रेघ ओलांडली आणि उभाच राहिलो. आम्ही जन्मभर धसकटात खेळलो. पायाखाली टोचतं ते शेत, टोचत नाही ती वाट, एवढंच मला ठाऊक. हे गवत ओलं होतं, थंड होतं, आणि पाय ठेवला की खाली दबून वर येत होतं. काटा निघालेली टाच मी त्यावर टेकवली. पांडबा माझ्या मागे आला, दोन पावलं चालला आणि खाली बसला. म्हणाला, "भावोजी, हितं पडलो तरी लागायचं नाय."

साहेब रेघेबाहेर उभे राहून विचारत होते की काय झालं, पाय दुखतोय का. मी त्यांना म्हटलं, या, बघा. त्यांना वाटलं मैदानात काही खराबी आहे. आले, वाकून बघू लागले. मी म्हटलं, असं नाही. त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, माळी पाठमोरा होता, खाली बसून नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि ते पांढरे पाय गवतावर ठेवले.

पाच वर्षं ते मैदान त्यांच्या ताब्यात होतं. गवत थंड असतं हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं.